एकच घाट, तीन घड्याळं

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही तिघं साताऱ्यात समर्थ मंदिराच्या चौकातून निघालो, यवतेश्वरचा घाट चढलो आणि पळतच खाली आलो. मी, माझा पुतण्या आणि शेजारच्या वहिनी. तिघांच्या मनगटावर तीन वेगवेगळ्या बनावटीची घड्याळं. एकाच वेळी निघालो, एकाच वळणावरून माघारी फिरलो. खाली चहाच्या गाड्यावर आकडे बघितले तर माझे १०.२१ किलोमीटर, वहिनींचे ९.९४ आणि पुतण्याचे १०.४८.

"काका, तुम्ही वळणं कापली काय?" पुतण्यानं विचारलं.

वहिनींचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. उतारावर गप्पा मारत येताना त्यांच्या घड्याळानं नाडीचे ठोके मिनिटाला १७२ दाखवले होते. "बोलायला दम होता माझ्यात. आणि हे म्हणतंय १७२. खोटं बोलतंय व्हय हे?"

मी वीस वर्षं डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे असा प्रसंग आला की सगळे माझ्याकडे बघतात. चहा संपेपर्यंत जमलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहितो. अंतराचं मात्र शेवटी सांगेन, ती भानगड मोठी आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. घड्याळाला नाडी कळत नाही, झोप कळत नाही, थकवा तर अजिबात कळत नाही. त्याला कळतो कातडीवरून परत आलेला उजेड, हाताला बसलेला हिसका, हवेचा दाब आणि आकाशातून आलेले क्षीण संदेश. एवढ्या चार-दोन खुणांवरून ते बाकीचं सगळं अंदाजानं सांगतं. अंगावर घालायच्या संगणकांवरचं बहुतेक संशोधन हा अंदाज सुधारण्यासाठीच चाललेलं असतं.

वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवतात आणि रक्ताचा धक्का त्यांच्या बोटांना लागतो. घड्याळाला बोटं नाहीत, म्हणून ते उजेड वापरतं. उलटं करून बघा, पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त लाल दिसतं, कारण ते हिरवा उजेड गिळतं आणि लाल परत टाकतं. हृदयाचा ठोका पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या किंचित फुगतात, तेवढ्या क्षणापुरता हिरवा उजेड जास्त गिळला जातो आणि दिव्याशेजारच्या सेन्सरवर कमी पोचतो. ठोका सरला की पुन्हा जास्त पोचतो. ही चढउतार मोजली की झाले ठोके. युक्ती जुनी आहे. अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकातच कातडीवर उजेड टाकून रक्ताचा प्रवाह बघण्याचे प्रयोग केले होते.

ऐकायला सोपं वाटतं. पण ठोक्यामुळे पडणारा फरक परत येणाऱ्या एकूण उजेडात शंभरात एखाद-दुसरा भाग असतो, कधी त्याहूनही कमी. आणि पळताना घड्याळ कातडीवर सरकतं, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो, हात खालीवर होईल तसं त्यातलं रक्तही हिंदकळतं. हे सगळे फरक ठोक्याच्या फरकापेक्षा मोठे. गणपतीच्या मिरवणुकीत चाळीस ढोल वाजत असताना एका झांजेचा ताल कानानं धरून ठेवायचा, तसलं हे काम.

मग घड्याळ दुसऱ्या सेन्सरची मदत घेतं. त्याचं नाव अॅक्सेलरोमीटर. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्याला तो लगेच कळेल: ड्रायव्हरनं ब्रेक मारला की उभी माणसं पुढं झुकतात, गाडी सुटली की मागं. कोण किती झुकलं यावरून डोळे मिटूनही गाडीचा हिसका सांगता येतो. घड्याळातल्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म कंगवा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो झुकतो, शेजारच्या दातांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवून धरायची ताकद, बदलते. त्यावरून हाताचा ताल मिळतो. आता गणित असं: उजेडातल्या गोंधळातून हाताचा ताल वजा करा, उरेल तो हृदयाचा.

आणि इथंच वहिनींचं घड्याळ फसलं. पळणाऱ्या माणसाची पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. जोरात पळताना हृदयाचे ठोकेही त्याच घरात येतात. दोन ताल इतके जवळ आले की कुठला वजा करायचा आणि कुठला ठेवायचा हे यंत्राला समजेनासं होतं. कधीकधी ते पावलांच्या तालालाच नाडी समजून धरून बसतं. वहिनी उतारावर बारीक, भरभर पावलं टाकत होत्या. घड्याळानं त्यांचे पाय मोजले. शिवाय त्या हातात दोन बांगड्या होत्या, पट्टा सैल होता आणि पावसानं हात गार पडलेले. गारव्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि मुळातच बारीक असलेली खूण आणखी बारीक होते. उपाय फुकटचा आहे. पळताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवायचं आणि पट्टा एक भोक घट्ट करायचा. तेवढ्यावर भागत नसेल तर छातीचा पट्टा. तो हृदयाची विजेची खूणच पकडतो, उजेडाच्या भानगडीत पडत नाही. फिनलंडच्या पोलार कंपनीनं असला बिनतारी पट्टा १९८२ सालीच बाजारात आणला होता.

वर्णाचाही प्रश्न आहे आणि तो आपल्याला जवळचा. कातडीला सावळेपणा देणारं मेलॅनिनही हिरवा उजेड गिळतं. म्हणजे आपल्यासारख्यांच्या मनगटात दिवा जास्त लावावा लागतो आणि तरी कमी उजेड परत येतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं, बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिमीटर आठवा. त्यात लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन दिवे असतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ती कल्पना. २०२० साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत असं दिसलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के, म्हणजे ठीकठाक, दाखवत असताना रक्त तपासलं तर प्रत्यक्ष ऑक्सिजन ८८ च्या खाली निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. दिव्यांत कसलाही दुष्टावा नाही. उजेडाचा किती भाग म्हणजे किती ऑक्सिजन, हा हिशोब बसवताना समोर कोणाची बोटं होती, एवढाच प्रश्न आहे. नवं घड्याळ घेताना मी दुकानदाराला विचारतो, हे कोणाच्या मनगटावर तपासलंय? तो माझ्याकडे वेड्यासारखा बघतो.

मनगटच का, हेही विचारायला हवं. १९९८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या फ्रान्सिन गेम्परले आणि सहकाऱ्यांनी अंगावर यंत्र नेमकं कुठं बसवावं याचा अभ्यास केला. माणूस बारीक असो की जाड, ज्या जागेचा आकार फार बदलत नाही, जी हालचालीत कमी वाकते आणि जिथं सपाट पृष्ठभाग मोठा मिळतो अशा जागा त्यांनी शोधल्या: गळ्याभोवती, दंडाची मागची बाजू, हाताचा पुढचा भाग, बरगड्या, कंबर, मांडी, नडगी, पावलाचा वरचा भाग. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आजीची दागिन्यांची पेटी आठवली. ठुशी, वाकी, पाटल्या, कंबरपट्टा, तोडे. दळताना, पाणी भरताना, भांगलताना अडकणार नाही, टोचणार नाही, गळून पडणार नाही अशा जागा आपल्या सोनारांनी कधीच हेरून ठेवल्या होत्या. वाकीच्या जागेचं तर विशेष आहे. दंडावर किंवा कोपराखाली बांधायचे उजेडाचे पट्टे पळताना मनगटापेक्षा नाडी बहुधा बरी पकडतात, कारण तिथं मांस जास्त, हाड कमी आणि हिसकाही कमी. तरी बाजारात मनगटच जिंकलं, कारण दंडावर बघून वेळ कळत नाही.

अंगावरच्या संगणकाची सुरुवात मात्र आरोग्यातून झालीच नाही, जुगारातून झाली. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितज्ञांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवला आणि तो लपवून लास वेगासच्या जुगारखान्यात नेला. रुलेटचं चाक आणि गोळी कधी कुठून गेली हे बुटातल्या बटणावर अंगठा दाबून कळवायचं. यंत्र हिशोब करून गोळी चाकाच्या कुठल्या भागात पडेल ते कानात सुरावटीनं सांगायचं. गणित बरोबर निघालं. दगा दिला तो कानापर्यंत गेलेल्या केसासारख्या तारेनं, ती सारखी तुटायची. या क्षेत्रात काम करणाऱ्यानं ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी, कारण साठ वर्षांनंतरही तेच चालू आहे. चिप टिकते, पट्टा तुटतो. त्याआधी, १९४९ च्या सुमारास, नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख घेतला तेव्हा त्याच्या पाठीवर सुमारे ३८ किलोचं ओझं होतं. आज हृदयरोगतज्ज्ञ 'होल्टर लावू' म्हणतात तो त्याच ओझ्याचा खिशात मावणारा नातू.

ओझं गेलं, पण बॅटरीची अडचण राहिली. आजच्या फोनची बॅटरी साधारण ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते. बऱ्याच घड्याळांत ती ३०० च्या आसपास. माण-खटावात उन्हाळ्यात ज्यांनी टँकरचं पाणी वापरलंय त्यांना याचं डिझाइन समजावून सांगायला नको. टँकर दोन दिवसांनी येणार, मग आधी पिण्याचं, मग जनावरांचं, धुण्याचं उरलं तर. घड्याळातही तसंच. हिसका मोजणारा सेन्सर घोटभर पितो, म्हणून तो रात्रंदिवस जागा. हिरवे दिवे तहानलेले, म्हणून एरवी दर काही मिनिटांनी क्षणभर लागतात आणि पळताना सतत. जीपीएस तर हौदच रिकामा करतं. मुख्य प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला असतो, बारकासा मदतनीस पहाऱ्यावर बसतो आणि काही विशेष घडलं तरच मोठ्याला उठवतो. जाहिरातीत 'चौदा दिवस बॅटरी' लिहिलेलं असतं तेव्हा कुणाचं पाणी तोडलंय हे विचारावं.

झोप आणि कॅलरी यांबद्दल थोडक्यात. झोपेचे टप्पे घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून ताडतं. खरी तपासणी डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघून होते. कॅलरींचा आकडा तर मी बघतच नाही. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठानं मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीत सातांपैकी सहा ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीवर होती, पण कॅलरीत सर्वांत बऱ्या यंत्राची चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. दोन कंदी पेढे जास्त खायला आकडा हवाच असेल तर गोष्ट वेगळी. आणि रोजच्या दहा हजार पावलांचा नेम १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणीच्या यंत्राच्या नावातून आला. 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर.

आता जरा कराडकडे चला. तिथं माझ्या मेव्हण्याचा गोठा आहे, चार पंढरपुरी म्हशी आणि दोन संकरित गाई. त्यानं मागच्या वर्षी जनावरांच्या गळ्यात बांधायचे पट्टे घेतले. आत तोच तो हिसका मोजणारा सेन्सर. काम एकच: माज, म्हणजे जनावराची गाभण राहायची वेळ, ओळखायचा. गाय-म्हैस साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते, माज टिकतो जेमतेम दिवसभर. तेवढ्यात भरवली नाही तर तीन आठवडे गेले, आणि खाणं तर चालूच. गाय माजावर आली की हंबरते, फिरते, दुसरीवर उडी घेते. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, त्यातून रात्री येतो. माणसाला दिसत नाही ते पट्ट्याला दिसावं अशी आशा.

पट्टा बघतो काय? रवंथ. जनावर रवंथ करतं तेव्हा जबडा सेकंदाला साधारण एकदा हलतो, मिनिटभरानं घास गिळतं, क्षणभर थांबतं, पुढचा घास वर येतो. मानेत हा ताल स्पष्ट उमटतो. गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. माजावर आली की ते कमी होतं आणि हालचाल वाढते. पण सेन्सरच्या नागमोडी रेघेतली कुठली रेघ रवंथाची आणि कुठली माश्या हाकलण्याची हे यंत्राला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी एक माणूस गोठ्यात वही घेऊन बसतो आणि मिनिटामिनिटाला लिहितो: खाते आहे, रवंथ, उभी, पाणी, खांबाला मान घासते. अशा कित्येक तासांच्या नोंदी रेघांशेजारी ठेवल्या की मग संगणक ताल ओळखायला शिकतो. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या भारदस्त शब्दाखाली शेणाच्या वासात वही धरून बसलेला तो माणूस असतो. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत कमी कौतुक झालेलं काम तेच.

मेव्हण्याच्या गाईंवर पट्टा बऱ्यापैकी चालला. म्हशींवर नाही चालला. एक तर ज्या जनावरांवरून तो शिकला असावा ती मोकळ्या गोठ्यात फिरणारी परदेशी गाय. आमच्या म्हशी दाव्याला बांधलेल्या. बांधलेलं जनावर माजावर आलं तरी फिरणार कुठं? वाढलेली पावलं येणार कुठून? दुसरं म्हणजे दुपारी डुंबायला सोडल्या की पट्ट्यात गाळ शिरायचा. तिसरं, लाडकी म्हैस खांबाला मान इतकी घासायची की पट्ट्याला वाटायचं तिला मोठा उत्साह आलाय. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, म्हशीला सवय होईल. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आमच्या म्हशीला कुणी विचारलंच नव्हतं." ऑक्सिमीटरच्या गोष्टीला जोड म्हणून ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे.

आता अंतराकडे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून नेमक्या वेळेचे संदेश पाठवत असतात. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती लांब ते कळतं. किमान चार उपग्रहांवरून तुमची जागा निघते. रेडिओ लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते, म्हणजे तीन मीटरपर्यंत अचूक राहायचं तर वेळेची चूक सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाएवढीच परवडते. मोकळ्या माळावर हे जमतं. घाटात एका बाजूला कापलेला कडा असतो. संदेश सरळ येण्याऐवजी कड्यावर आपटून येतो, वाट लांबते आणि घड्याळाला वाटतं तुम्ही दुसरीकडेच आहात. पुतण्याच्या फोनवर नकाशा उघडला तर तो तीन वेळा दरीत उतरून वर आला होता. ते जास्तीचे मीटर तिथले. वहिनींच्या घड्याळात बॅटरी वाचवण्याची सोय चालू होती. ते दर काही सेकंदांनीच जागेची नोंद करायचं आणि दोन ठिपके सरळ रेघेनं जोडायचं. केसाच्या पिनेसारख्या वळणावर सरळ रेघ म्हणजे वळण कापणंच. तेव्हा वळणं कापली ती मी नाही, वहिनींच्या घड्याळानं. माझ्या घड्याळात दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकायची सोय आहे, त्यामुळे आपटून आलेला संदेश जरा ओळखता येतो. जीपीएससारखं काम करणाऱ्या आपल्या देशाच्या 'नाविक' उपग्रह प्रणालीतही छोट्या उपकरणांचा विचार झाला. २९ मे २०२३ ला इस्रोनं सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात एल-वन हा जगभरच्या छोट्या उपकरणांत चालणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा मुद्दाम घातला आहे.

चहाच्या गाड्यावर एकजण म्हणाला, घाट चढाचा आहे, घड्याळ सपाट मोजत असेल, म्हणून फरक. कागदावर करून बघितलं. शंभर मीटरला आठ मीटर चढ धरला तरी दहा किलोमीटरमागे फरक जेमतेम ३२ मीटर निघतो. आमच्यात फरक होता ५४० मीटरचा. चढाला उगाच दोष.

उंचीसाठी चांगली घड्याळं हवेचा दाब बघतात. आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो. पावसाळ्यात मात्र तुम्ही जागेवर उभे असताना हवाच बदलते आणि घड्याळ तुम्हाला बसल्या जागी टेकडी चढवतं. त्यातून पाऊस पडला की थेंब काचेवर बोटासारखे वागतात. माझी धाव एकदा मध्येच थांबवली ती पावसानं. कासच्या बाजूला पळणाऱ्यानं बटणांचं घड्याळ घ्यावं.

मग खरं अंतर कोणाचं? मान्यतेच्या शर्यतीचा मार्ग आजही उपग्रहानं मोजत नाहीत, सायकलनं मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावायचं, आधी माहीत असलेल्या अंतरावर ते पारखून घ्यायचं, आणि मग वळणांच्या आतल्या कडेनं सर्वांत जवळच्या वाटेवरून जायचं. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरायचा, मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून. शर्यतीनंतर 'आयोजकांनी दोनशे मीटर जास्त पळवलं' म्हणून भांडणारे दरवर्षी भेटतात. गर्दीत वळणं बाहेरून घेतली आणि वर घड्याळ डगमगलं की तेवढे होतातच.

पुढच्या रविवारी पुतण्या त्याची जुनी सायकल घेऊन आला. फेरे मोजायचं यंत्र कुठून आणणार, म्हणून चाकाला लाल चिंधी बांधली, सुताच्या टेपनं एक फेरा मोजला, दोन मीटर सात सेंटिमीटर भरला, आणि घाटात सायकल ढकलत मोठ्यानं मोजायला लागलो. वहिनी वहीत दर शंभराला रेघ ओढत होत्या. चारशे बाराव्या फेऱ्याला वरून एसटी आली. आम्ही कडेला झालो, ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "पंक्चर काय?" आणि तिघांपैकी एकालाही पुढचा आकडा आठवेना.